दहा बाय पंधरा

अशोक चौकात माझं फ्लेक्सचं दुकान.
लोकांचे चेहरे मीच उजळून देतो,
तेव्हा कुणाला नावं ठेवायचा मला हक्क नाही.

ऋत्विक येमूल आला. एकोणीस पूर्ण.
"भाऊ, दहा बाय पंधरा करा. मागं सिंह टाका.
नाक जरा बारीक, रंग जरा उघडा."
थांबला तेवढ्यात रील दाखवली:
पिक्चरमधला हिरो चालतो तसा
तो स्वतःच चालत होता,
पार्क चौकापासून सात रस्त्यापर्यंत, हळू.
नव्वद लाईक. एकेक नाव त्याला पाठ.

खाली शुभेच्छुक सोळा, नखाएवढे.
"अन् वडील?"
"पप्पा नको. सिंहाची शेपटी कापली जाते."

वाढदिवस झाला.
पुढच्या आठवड्यात त्याच खांबावर
दुसराच कुणी, त्याच सिंहासकट.
(सिंह माझ्याकडे एकच आहे.)

परवा अक्कलकोट रोडला, कारखान्यात,
चादरींची लेबलं पोचवायला गेलो.
अंबादास येमूल मागावर वाकलेले,
भुवयांवर कापूस, कानात कापूस.
शेजारी सुताच्या गठ्ठ्यांवर
तो फ्लेक्स. पालथा.

"उलटा का घातलाव हो?"
खडखडाटात ऐकू गेलं नाही.
पुन्हा विचारलं.
"छपाईचा रंग सुताला लागतोय का बघत होतो.
नाही लागत. पण राहू दे तसाच."

मग माग बंद करून
त्यांनी फ्लेक्सचा एक कोपरा उचलला,
वाकून आत पाहिलं.

"नाक बारीक केलाव पोराचं," म्हणाले.
"माझ्यावर गेलं होतं."