मोजदाद

जयगडच्या खाडीत भरती लागायच्या आत पोचले.
पंचनाम्याला अजून तासभर,
हवालदार चहाला गेलेले,
लाँच उतारावर ओढून ठेवलेली, एका कुशीवर,
पंख्यात जाळ्याचा गुंता.

आधी नेहमीचंच सांगितलं:
कुणी काही धुवायचं नाही.
तिकिटांचं पुस्तक भिजलंय तसंच सावलीत वाळवा.
फोनमधलं काही पुसू नका.
पाहिलंत तेवढंच सांगा, वाटतं ते नको.

इस्माईल तांडेल मान हलवत होता.
मग म्हणाला, "बाई, शेवंतीच्या घरी जाऊन येऊ का?
रोज तिसऱ्यांची पाटी घेऊन माझ्याच बाजूला बसायची."
म्हटलं, जा. पण काही बोलू नका.
"तिथं जाऊन गप्प बसायचं,
हे कुठल्या कलमात येतं?"

शिमग्याआधी आराखडा मीच लिहिला होता,
बेंडलशेटच्या कंपनीसाठी, सतरा पानं.
कुणी कुणाला फोन करायचा, दोर कुठे, डॉक्टर कोण.
सरावाच्या दिवशी बुडणारी बाई मीच झाले,
ओचा खोचून गुडघाभर पाण्यात,
सगळे हसले, मीही.
फोटो आहे.

पान नऊ:
जाकिटांची मोजदाद रोज संध्याकाळी.
एकही कमी भरल्यास खलाशी जबाबदार.

वाकून बाकाखाली बॅटरी मारते.
चोवीसच्या चोवीस.
प्रत्येकाच्या पट्ट्यातून ओवलेली नायलॉनची दोरी
आणि टोकाला ती गाठ,
भिजली की आवळतच जाणारी.

रुपेश मागे उभा. एकोणीस वर्षांचा, ओठ अजून पांढरे.
"मॅडम, एक पण हरवला नाय."

शेटचा फोन येतो.
ते पान नऊ, वकील-अशिलातलंच ना?
बाहेर नाही ना जायचं?
नाही जायचं. कायदा त्यांच्या बाजूने आहे,
आणि त्यांच्या बाजूने मी.

गाठीशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढते.
वहीत लिहिते: गाठ, जशी होती तशी.
बांधणारा:
या रकान्यात कुणाचं नाव पडणार ते दिसतंय.
सांगणाऱ्याला रकानाच नाही.

रुपेशला बाजूला घेते.
"हे बघ, मी कंपनीची वकील. तुझी नाही.
जबाब द्यायच्या आधी तुझा स्वतःचा वकील गाठ."

त्याला कळत नाही.
तो वाकतो, बाकाखाली बघतो,
आणि पुन्हा एकपासून मोजायला लागतो.