गरम माप

टोलेडो. नोव्हेंबर. तिसरा इंटरसेप्शन.
शेजारचा वॉल्ट म्हणतो, "संपला हा. विकून टाका."
बावीस वर्षांचा कॉर्बिन हेल्म
हेल्मेट काढून बाकावर बसलाय,
उजव्या हाताकडे बघत,
जणू तो कुणी उसना दिलाय.

मी एकतीस वर्षं फाउंड्रीत
ओतकाम तपासलं. पास, नापास.
लालसर असताना कॅलिपर लावला
की माप हमखास खोटं येतं,
हे नव्या पोरांना मीच शिकवलं.

पण एकदा एका तुकड्यासाठी
थंड होईपर्यंत थांबलो,
तर आत चीर निघाली.

वॉल्ट बियर उघडतो. "बोल की, इन्स्पेक्टर!"
हेल्म पुन्हा उतरलाय.
पाय बघ त्याचे, मी म्हणतो,
अंगावर धूड येताना दिसतंय
तरी चेंडू सुटेपर्यंत ढळत नाहीत.

चौथाही गेला.
मी चष्मा पुसतो.