उलटी बाजू

नऊ वर्षं मी एकच कापड शिवत होते.
जुन्या मलमलीच्या चार घड्या, कडेला नाडी.
खोकलं, वाकलं, हसू आवरलं नाही
की अंग बाहेर यायचं.
ते आत सारायचं, बांधायचं,
आणि जायचं लग्नाला, मयताला, भायखळ्याच्या बाजारात.
वाळत घालायचं टॉवेलच्या पोटात.
एकदा सुनेच्या हाती आलं. हे कशाचं, आई?
इस्त्रीचं, म्हटलं.
चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिवण शिकवलं मी.
तिनं विश्वास ठेवला असेल, असं मी धरून चालले.

परळच्या डॉक्टर नाबर माझ्या नातीच्या वयाच्या.
त्यांनी महिनाभर आधीच कामाला लावलं:
रोज दोन जिने, रोज दोन अंडी,
नळीतून श्वास ओढून तीन निळे चेंडू वर.
तिसरा चेंडू कधीच आला नाही.
आदल्या रात्री मी छाती पुढे काढून सांगितलं,
आता पाणीसुद्धा घेणार नाही,
सोळा सोमवार केलेत, हरतालिका निर्जळी केल्यात,
उपाशी राहण्यात माझा हात कोणी धरायचा नाही.
त्या म्हणाल्या, उपास नको, कुमुदिनीताई.
पहाटे पाचला हे गोड पाणी, सगळं संपवायचं.

त्र्याहत्तर वर्षांत मला कोणी
इतक्या ठामपणे प्यायला सांगितलं नव्हतं.

एकोणऐंशी साली धाकट्याच्या वेळी पोट चिरलं,
तेव्हा आठ दिवस पाठीवर.
ओल्या कापसानं ओठ पुसायचे,
मी तो कापूस चोखायचे, चोरून.
या खेपेला सकाळी ऑपरेशन आणि दुपारी चारला
फिजिओची पोरगी पायाशी उभी: उठायचं ना?
नळी निघाली होती. पाय माझेच होते.
खाटेपासून खिडकीपर्यंत सतरा फरश्या,
त्यातली अकरावी तडकलेली.
खिडकीतून दिसली रुग्णालयाची गच्ची,
दोरीवर हिरव्या चादरी,
एका चादरीची दुमड उसवलेली.
दोरा असता तर तिथंच बसले असते.

मग त्यांनी हातात च्युइंगम ठेवलं.
आतडी जागी व्हायला, म्हणे.
किती पोरींच्या तोंडातून मी ते काढून घेतलं,
कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात टाकलं!
शेजारच्या खाटेवर नागपाड्याच्या रशीदाबी,
त्यांना कवळी, त्या नुसत्या चघळायच्या.
दिवसभर सगळ्यांचा एकच प्रश्न:
वारा सरला का?
सिस्टर विचारे, ब्रदर विचारे, जावई फोनवर विचारे.
जन्मभर जे दाबून धरलं, पंगतीत, देवळात, सासऱ्यांसमोर,
त्याची इतकी वाट पाहिली जावी!
रात्री अडीचला रशीदाबींनी बाजी मारली.
मुबारक हो, मी म्हटलं.
हसताना पोटाला उशी धरायची असते,
आम्ही धरली.

टाके कसे घातलेत, मी विचारलं.
आतून आहेत, आपोआप विरतील, तुम्हाला दिसणार नाहीत.
मी तर गुण उलट्या बाजूलाच द्यायचे.
सुलट कोणीही नीट करतं;
उलटून बघा, गाठी कुठे लपवल्यात, दोरा कुठे ओढलाय.
म्हटलं, असू दे. पास.

तिसऱ्या दिवशी घरी. टॅक्सीत सून.
डॉकयार्ड रोडच्या पुलाखाली सिग्नल लागला
तेव्हा मी म्हटलं, ते कापड इस्त्रीचं नव्हतं.
माहीत होतं, ती म्हणाली. खिडकीबाहेरच बघत.
मग सिग्नल सुटल्यावर, बराच पुढे आल्यावर,
मला पण एक शिवून द्याल का, विचारणार होते.
शिंकलं की आजकाल...

सेहेचाळीस वर्षांची आहे ती.

मी तिचा हात धरला, सुईचा अंगठा तिच्या बोटावर,
आणि म्हटलं, नाही.
मी नाही शिवणार.
ओपीडी मंगळवारी असते.