उत्तरांची फाईल

रात्री अकरानंतर अशोक चौकातले माग दमतात,
व्होल्टेज सरळ होतं,
तेव्हाच मी डिस्क राइट करायला घेते.

मूळ डिस्क कंपनीची.
तिचं सामान फोल्डरात उतरवायचं, नको ते काढायचं:
पत्त्यांचे खेळ, जपानी कीबोर्ड,
सोलापुरात कधीच न आलेले चारशे प्रिंटर.
हवं ते भरायचं: जुन्या साउंडकार्डांचे ड्रायव्हर,
मराठी फॉन्ट, घड्याळ साडेपाच तास पुढे.

मग उत्तरांची फाईल.
सिस्टीम चढताना जे जे विचारते
ते आधीच लिहून ठेवायचं,
म्हणजे समोर कुणी बसायला नको.
देश? भारत.
नाव? शाळा.
करार मान्य आहे?
इथे दहा वर्षं मी न वाचता 'हो' लिहीत आले,
दवाखान्याच्या वतीने, पतसंस्थेच्या वतीने,
एका टॉवेलवाल्याच्या वतीने,
ज्याला करार असतो हेच ठाऊक नव्हतं.

त्याखाली चावी. पंचवीस अक्षरं.
एका मेलेल्या मशीनच्या पाठीवरून उतरवलेली,
मला पाठ.
अर्धी पेठ त्या एका चावीने उघडते.

नायना मागे शेंगा सोलत बसलेत.
चाळीस वर्षं त्यांनी जॅकार्डची कार्डं पंच केली.
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली,
एका मोराला अकराशे कार्डं.
मोराच्या डाव्या पायाला एक बोट जादा.
मुद्दाम.

आई सिव्हिलमध्ये होती तेव्हा
शेजारच्या खाटेवर त्यांना तो पाय दिसला.
लेबल तिसऱ्याच कुणाचं.
पेशंट झोपलेला. नायनांनी चादर
त्याच्या खांद्यापर्यंत ओढली, नीट खोचली,
आणि घरी येऊन म्हणाले,
"चूकसुद्धा नेली गं. न विचारता."

आज हिरेमठ क्लार्क आले होते.
विडी घरकुलातल्या शाळेत बारा कॉम्प्युटर, देणगीचे.
चावी एकाचीच.
"मॅडम, तुमची ती डिस्क द्या की,
सगळं आपोआप होतंय म्हणं."

होतं.
म्हणून आज करार वाचला. एक्केचाळीस पानं.
तुम्ही विकत घेतलं नाही, म्हणतो,
वापरायची मुभा घेतली.
बदलून दुसऱ्याला द्यायची नाही.
नाव न घेता माझंच नाव.

हिरेमठांच्या पावतीमागे बारा चाव्यांचा भाव लिहिला.
खाली त्या दुसऱ्या सिस्टीमचं नाव, फुकटवाल्या.
तिचाही करार आहे, तोही लांबलचक,
पण त्यात 'वाटा' असं लिहिलंय,
आणि वाटताना हा कागद सोबत द्या.
उद्या ते भांडणार. भांडू देत.

कंपनीवालीची फाईल पुन्हा उघडली.
चावीची ओळ कोरी केली, 'हो' खोडलं.
हिच्यावर आता मार्करने लिहिलंय: दुकानापुरती.
ट्रे उघडला. डिस्क गरम,
नुकत्याच भाजलेल्या भाकरीसारखी, हाताला लागणारी.

"झाली?" नायनांनी विचारलं.
"झाली. पण मध्ये थांबेल."
"कुठं?"
"पायापाशी."

त्यांनी टरफलं कागदात गोळा केली,
आणि दोन शेंगा माझ्यासाठी
कीबोर्डवर ठेवल्या.