ओळींमधली जागा

शहापुरात रुद्रप्पांच्या हाताखाली
तीन महिने नुसता दोरा धरला,
खडू लावलेला. ते टिचकी मारायचे,
पत्र्यावर निळी रेघ.
"अक्षर राहू दे, आधी पोकळी बघ की,"
'ळ'च्या पोटात बोट फिरवत म्हणायचे.

आता खडेबाजार. स्क्रीन, माऊस, फ्लेक्सचा वास.
अण्णप्पा मिठाईची पाटी:
कानडी वर, मोठं. मराठी खाली, बारीक.
माप ठरलेलं, त्यात माझं चालत नाही.
वरच्या जोडाक्षराची शेपटी लोंबते,
खालची वेलांटी नेमकी तिथंच उठते.

दुपारभर सरकवत बसलो, केसभर केसभर,
शेपटीच्या कुशीत वेलांटी मावेपर्यंत.

मालक म्हणाला, "मोकळं दिसतंय की, फुलं टाक."
टाकली नाहीत.
पन्नास रुपये कापले त्यानं.
फुलांचे.