चोवीस तासांपुरतं

महापेला, एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर,
टायरवाल्याच्या मागे आमची लॅब.
तिसऱ्या मजल्यावर एक कपाट आहे,
आतून कायम सदतीस अंश,
ताप नसलेल्या माणसाइतकं ऊबदार.

त्यात पेशी वाढतात,
कुणा अनोळखी माणसाच्या यकृतातल्या.
तो केव्हाच गेला असेल.
पेशींना कुणी सांगितलेलं नाही.

सोमवारी त्यांना कण पाजले.
केसाच्या जाडीत शेकडो मावतील एवढे.
पोटात औषध घेऊन जायचं, पोचवायचं,
मग आपणच विरघळत विरघळत
आम्ल व्हायचं,
शेवटी थोडं पाणी, थोडा उच्छ्वास.
तेच आम्ल, जे दह्यात असतं,
जे ओहोटीच्या चिखलातून होडी ओढताना
बाच्या पोटऱ्यांत चढायचं.

"ओळखीचंच आहे मग," मी म्हटलं.
मुकादम सर चष्मा पुसत राहिले.
"ओळखीचंही एका जागी साचलं की जाळतं.
मात्रा लिही."

प्लेटमध्ये शहाण्णव खळगे.
एका रांगेला काहीच द्यायचं नाही,
जगणं कसं दिसतं ते कळायला.
एक रांग मुद्दाम मारायची,
नाहीतर मरण कशाशी ताडून बघणार?
मधल्या रांगांत कण,
दुप्पट, त्याच्या दुप्पट, त्याच्या दुप्पट.
त्या मारायच्या रांगेवर पिपेट धरताना
माझा हात अजून क्षणभर अडतो.
चार वर्षं झाली. सरांना सांगितलेलं नाही.

मंगळवारी पिवळा रंग घातला.
जी पेशी जिवंत, ती त्याचा जांभळा करते.
दुसरं काही बोलता येत नाही तिला.
तीन तासांनी झाकण काढलं:
जांभळा, जांभळा, जांभळा,
मग पाण्यात पडलेल्या शाईसारखा फिका,
आणि सगळ्यात मोठ्या मात्रेपाशी
हळदीसारखा, घातला तसाच,
कुणी हात न लावलेला.

मी लिहिलं, 'सुरक्षित.'
सरांनी खोडलं.
"हा शब्द आपल्या मापात बसत नाही."
मग लिहिलं:
अमुक मात्रेपर्यंत, चोवीस तासांत,
अपाय आढळला नाही.

संध्याकाळी दिवाळ्याच्या धक्क्यावर
आय जाळ्यातलं निवडत बसली होती.
थोडी निवटी, दोन खेकडे,
बाकी पिशव्याच पिशव्या,
आणि एक वेफर्सचं पाकीट;
त्यावरची किंमत अजून वाचता येत होती,
पन्नास पैसे.

"तुजा तो कण किती दिसांनी जातो गो?"
"दोन महिने. फार तर तीन."
"आनि ह्यो?"

मी पाकीट हातात घेतलं.
रंगसुद्धा उडाला नव्हता.
मला ती प्लेट आठवली,
पारदर्शक, कडक, दिसायला देखणी,
दुपारीच पिवळ्या पिशवीत टाकलेली
शहाण्णव खळग्यांसकट.
पिशवी खाली गाडीत जाते एवढं माहीत आहे.
गाडी कुठे जाते,
ते चार वर्षांत विचारलं नाही.

आय पुढच्या गाठीकडे वळली.
मला उद्या लवकर निघायचं आहे,
अठ्ठेचाळीस तासांची रांग लावायला.
नवी प्लेट लागेल.