हवेला वार नसतो

उपग्रह रात्री एक चाळीसला वरूडवरून जातो.
आठशे किलोमीटरवरून त्याला संत्रं दिसत नाही,
विहीर दिसत नाही, माझं माहेर दिसत नाही.
दिसते ती नुसती ऊब,
विस्तव काढून घेतल्यावरही तवा सोडत राहतो तशी.

त्या उबेतून मी हवा वेगळी काढायची.
बावीस वर्षं हेच काम.
दिल्लीच्या गार खोलीत, मे महिन्यात, स्वेटर घालून
एका आकड्यातून माती वजा करायची;
उरेल ती वाफ, उरेल तो ढग,
आणि पहाट व्हायच्या आत तो मॉडेलला भरवायचा.

माती वजा करायची तर माती माहीत हवी.
म्हणून काळ्या रानाची उत्सर्जकता शिकले:
कोरडी, भेगाळलेली, वखरलेली, पऱ्हाटी उपटलेली.
आमच्या पुस्तकांत जमिनीला त्वचा असते,
त्वचेचं तापमान, असं खरंच लिहितात.
वाचताना मला आईच्या टाचा आठवायच्या.

एका मार्चमध्ये एक चौकोन बिघडला.
पंधरा किलोमीटर लांब, पंधरा रुंद,
काही रात्री एकाएकी गार पडायचा.
मॉडेल म्हणायचं, पाऊस.
आभाळ तर धुतल्या ताटासारखं.
आम्ही आरसा तपासला, कॅलिब्रेशन तपासलं,
मध्ये चंद्र आला का, तेही पाहिलं.
मग बिस्वासनं आलेख पुढे सरकवला:
चार रात्री गार, तीन रात्री नाही.
चार, तीन. चार, तीन.

हवेला वार नसतो.
वाऱ्याला मंगळवार कळत नाही,
ढग कुणाचा उपास धरत नाही.
सात दिवसांनी फिरतं ते माणसांचं.

रेडिओमीटर घेऊन मी गावी गेले.
शिडीवर बांधलेलं पांढरं डबडं पाहून
लाइनमन कवडू मेश्राम म्हणाला,
“थे काय मोजते वो मॅडम?”
“मातीची ऊब.”
“मंग हात लावून पाहा ना. कायले एवढं सामान?”
मी आलेख दिला. त्यानं उलटा धरला, सुलटा केला,
आणि मला सबस्टेशनच्या भिंतीपाशी नेलं.
खळीनं चिकटवलेला कागद, कडा पालीनं घाण केलेल्या:
कृषी वाहिनी क्रमांक तीन,
सोम ते गुरू, रात्री साडेअकरा ते साडेसात.
“या चार राती लाइन रायते.
अख्खा पट्टा पानी देते संत्र्याले.
तुमच्या सॅटेलाइटले सांगा, पाऊस नाही बाप्पा,
थ्री-फेज होय.”

ओली माती वरून मंद दिसते,
हे मी शोधनिबंधांत तीनदा लिहिलेलं होतं.
त्या रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं दांड फोडत होती,
खोकत, सापाला हटकत.
एक चाळीसला कुणी वर पाहिलं नाही.
मी पाहिलं. काही दिसलं नाही.

दुरुस्ती एका ओळीची:
तारखेवरून वार काढा, चार रात्री ओल धरा.
चलाचं नाव ठेवलं कवडू.
परीक्षकानं विचारलं, हे कशाचं संक्षिप्त रूप?
त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

अंदाज किती सुधारला?
एका पट्ट्यात, उन्हाळ्यात, शून्य पूर्णांक दोन अंश.
नोकरीची गोळाबेरीज काढली
तर हेही मोठंच धरावं लागेल.
त्याच वर्षीची गारपीट आम्हाला दिसली नव्हती.
ती कवडूनं फोनवर सांगितली,
पडून गेल्यावर. मला काही विचारलं नाही त्यानं.

आता सौर पंप आलेत, पाणी दिवसा फिरतं.
मागच्या महिन्यात हर्षालीचा फोन,
माझ्या खुर्चीवर बसते ती:
“मॅडम, ही ओळ आता विनाकारण ओल दाखवते. काढू?”
काढ, म्हटलं. काढायलाच हवी.
ती जरा थांबली.
“बाजूची टीप ठेवते. मशीन ती वाचत नाही.”
मी विसरले होते तिथं काय लिहिलंय.
तिनंच वाचून दाखवलं:
हात लावून पाहा.